उन्हाळ्यात फुलं भरपूर, पण मधमाशी फिरकत नाही आणि फळ धरत नाही, असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, झेंडू, जास्वंद, गुलाब सगळं मस्त फुललंय, पण मधमाशी काही दिसत नाही. दुधीला आणि लाल भोपळ्याला बोटाएवढी फळं येतात आणि पिवळी पडून गळतात. गुलाबाची पानं कुणीतरी कडेने गोल गोल कापून नेतंय. वर ते मोठे काळे भुंगे घोंघावत येतात त्यांना घरातली मुलं घाबरतात. आणि शेवटी विचारलंय की या सगळ्यावर एकच असं कुठलं औषध फवारू.

औषधाचं आधी सांगून टाकते, आठवडाभर काहीच फवारू नका. मी पंचवीस वर्षं हेच काम करतेय, स्वतःची बाग आणि लोकांच्या बागा, आणि पहिली पाच-सहा वर्षं मी पण अगदी असंच करायचे, पानाला भोक दिसलं की पंप हातात. तेव्हा माझ्याकडे फुलं रग्गड असायची आणि फळं नावाला, आणि मी आपली खत बदलत बसायचे. त्याऐवजी एक करा. स्टूल घ्या, सकाळी ऊन चढायच्या आत पंधरा मिनिटं एका कुंडीसमोर बसा, मग संध्याकाळी दिवेलागणीला पंधरा मिनिटं. फोन आत ठेवून. कोण आलं, कुठल्या फुलावर बसलं आणि बसून काय केलं, एवढंच बघायचं. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत, मी फक्त काय बघायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे तुमचा झेंडू. तुम्ही लिहिलंय की मोठ्या गोंड्याचा आहे. एक गोंडा तोडा आणि सोलून बघा, आत शेवटपर्यंत पाकळ्याच पाकळ्या निघतील. आता कुठे एकेरी झेंडू मिळाला तर तो शेजारी ठेवा. त्याला बाहेर पाच-आठ पाकळ्या असतात आणि मधे पिवळ्या बारीक नळ्यांची गादी असते, ती एकेक नळी म्हणजे एकेक वेगळं फूल आहे, मध तिथे आणि पराग पण तिथे. माणसाने निवडून निवडून गोंडा भरगच्च केला तेव्हा या नळ्यांच्याच पाकळ्या झाल्या, म्हणजे पंगतीत वाढणाऱ्यानेच जेवणाचं पान मांडायच्या आधी उचलून नेलं. जास्वंदीचं पण तेच. साध्या जास्वंदीत मधोमध लांब दांडा येतो आणि त्यावर पिवळे पराग असतात, डबल जास्वंदीत ते पुंकेसरच पाकळ्या होऊन बसतात. गुलाबाचं वेगळं सांगायला नको. मधमाशी येते, एक चक्कर मारते, आत शिरायला वाट मिळत नाही आणि निघून जाते, आणि आपण म्हणतो माश्याच राहिल्या नाहीत आता.

डबल फुलं उपटून टाका असं मी म्हणत नाही हां. दिसायला छान असतात, असू द्या. फक्त ती आपल्यासाठी आहेत हे धरून चाला आणि किड्यांसाठी चार कुंड्या वेगळ्या लावा.

रंगाचं पण थोडं सांगते. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, तिला तो काळपट वाटतो. उलट अतिनील रंग, जो आपल्याला दिसतच नाही, तो तिला दिसतो, आणि बऱ्याच फुलांवर त्या रंगात मधाकडे जाणाऱ्या खुणा काढलेल्या असतात. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने रंगीत कागद आणि साखरपाण्याच्या वाट्या ठेवून मधमाश्यांना रंग कळतात हे दाखवलं होतं, पुढे फुलांचा पत्ता एकमेकींना सांगणारा त्यांचा नाच पण त्यानेच उलगडला आणि १९७३ साली त्याला नोबेल मिळालं. आपल्या कामाचं एवढंच की निळी, जांभळी, पिवळी, पांढरी फुलं मधमाश्यांसाठी आणि लाल-केशरी फुलपाखरांसाठी, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लाल दिसतो. लाल जास्वंदीवर माशी नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता दुधी आणि भोपळा. इथे जरा थांबते कारण दर उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त याबद्दलच विचारतात.

या वेलींना नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादीच्या मागे छोटंसं फळ आधीपासूनच चिकटलेलं असतं, नराच्या मागे नुसता लांब देठ. सुरुवातीला बरेच दिवस फक्त नरच येतात त्यामुळे लोक म्हणतात वेल वांझ आहे, तसं काही नसतं. शिवाय कडक उन्हाळ्यात नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. मग मादी येते, ती जेमतेम एक दिवस उघडी असते, आणि तेवढ्यात कुणीतरी नराचा पराग तिच्यापर्यंत पोचवावा लागतो. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडून जाईल हे विसरा. नाही पोचला तर ते बोटभर फळ पिवळं पडतं, सुरकुततं आणि गळतं, म्हणजे तुमच्याकडे जे होतंय तेच. अर्धवट पोचला तर फळ धरतं पण वाकडं होतं, काकडी एका टोकाला फुगलेली आणि दुसरीकडे बारीक अशी दिसते ना, बहुतेक वेळा पराग कमी पडलेला असतो.

आणि गंमत वेळेत आहे. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. दुधीचं बरोब्बर उलटं, ते पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर उघडं असतं आणि सकाळी ऊन लागलं की लोळागोळा. म्हणजे दुधीचं गिऱ्हाईक मुळात मधमाशी नाहीच, ते रात्रीचे पतंग आहेत. दोडका पण संध्याकाळचा, पण त्याचंच भावंड घोसाळं सकाळचं, एकाच मांडवावर दोघं असतील तर शिफ्ट ड्युटी चालते. तुम्ही लिहिलंय की रोज नऊ-दहाला पाणी घालायला गच्चीवर जाता, म्हणजे दुधीचा कारभार तुम्ही कधी बघितलेलाच नाही. आणि गच्चीवर रात्रभर मोठा दिवा चालू ठेवत असाल तर तो बंद करा, पतंग वेलीवर यायचे ते दिव्याभोवती फिरत बसतात.

तोपर्यंत हाताने करा, सोपं आहे. भोपळ्याचं सकाळी सहा-सातला, दुधीचं अंधार पडताना. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे ओढून काढून टाकायच्या म्हणजे मधला परागाचा दांडा मोकळा होतो, बोट लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. तो दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर, तो तीन-चार फुगीर भागांचा चिकट असा असतो, त्यावर सगळीकडून हळूच फिरवायचा. एका नरात एक-दोन माद्या होतात. तीन-चार दिवसांत फळाचा देठ जाड झाला आणि फळ चमकायला लागलं की झालं. ब्रशने पण होतं म्हणतात, मला फुलानेच जमतं. एवढं नीट करूनही गळलं तर मग पाणी बघा, भर दुपारी कुंडी कोरडी पडत असेल तर वेल स्वतःच फळं टाकून देतो.

भुंग्यांकडे येते. तुम्ही वर्णन केलंय ते काळे, चकचकीत, निळसर पंखांचे, मोठा आवाज करणारे, ते लाकूड पोखरणारे भुंगे, म्हणजे एकट्या राहणाऱ्या मोठ्या मधमाश्याच. जो तुमच्या तोंडासमोर येऊन हवेत थांबतो आणि बघतो, तो बहुतेक नर असतो, आपली जागा राखत असतो, आणि नराला नांगी नसतेच. मादीला असते पण तिला मुठीत धरल्याशिवाय ती सहसा काही करत नाही. मुलांना हे सांगा, भीती अर्धी कमी होते, माझ्या भाचीने तर त्यांना नावं ठेवली होती. जुन्या बांबूला किंवा सुक्या लाकडाला बोट जाईल एवढं गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर ते त्यांचं घर. मांडवाचा महत्त्वाचा बांबू असेल तर बदला, नाहीतर राहू दे.

राहू दे का म्हणते ते ऐका. तुमच्याकडे वांगी आणि टोमॅटो पण आहेत ना? त्या फुलांचे पुंकेसर मिठाच्या डबीसारखे असतात, पराग आत आणि बाहेर यायला टोकाला बारीक भोक. साधी मधमाशी त्याला काही करू शकत नाही. भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग पिठासारखा भुरभुर बाहेर पडतो. आवाज पण वेगळा येतो, उडताना जो घूं असतो त्याच्यापेक्षा एकदम चढा, लहान मुलाने पिपाणी वाजवावी तसा तुटक तुटक. एकदा तो आवाज ओळखता आला की न बघता कळतं की वांग्यावर काम चालू आहे. भुंगे नसतील तर बॅटरीवरचा टूथब्रश फुलाच्या देठाला लावा, तेच होतं. पण दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहायला लागलं की टोमॅटोचा परागच निकामी होतो, मग भुंगा पण काही करू शकत नाही, तेव्हा टोमॅटोची फुलं गळाली तर वाट बघायची, दुसरं काही नाही.

चोऱ्या पण करतात बरं का हे भुंगे. लांब नळीच्या फुलात तोंड पोचलं नाही की बुडाशी चीर पाडून मध पितात, परागाचं काम न करता. नळीच्या बुडाशी तपकिरी चीर दिसली तर ती कीड नाही, दरोडा आहे. झाडाला काही होत नाही.

गुलाबाची पानं. कडेने व्यवस्थित गोल किंवा लांबट अर्धगोल, कंपासने काढल्यासारखं कापलेलं असेल तर ती अळी नाही. अळी खाते तेव्हा कड वेडीवाकडी होते आणि खाली पानावर काळ्या गोळ्या, म्हणजे तिची विष्ठा पडलेली असते. तुमचं हे काम पानं कापणाऱ्या माशीचं आहे, ही पण एकटी राहणारी मधमाशीच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पानाच्या कडेवर दोन्हीकडे पाय टाकून बसली, जबड्याने कात्री चालवावी तशी गोल फिरत गेली, मोजून दहा सेकंद लागले असतील, तुकडा सुटला तशी तुकड्यासकट खाली आली आणि मधेच पंख चालू करून तो गुंडाळलेला तुकडा पोटाखाली धरून निघून गेली. कुठे जाते म्हणून मी मागे लागले तर गुंडाळून ठेवलेल्या जुन्या पाण्याच्या पाइपच्या तोंडात शिरली. तो पाइप नंतर उघडला तर आत पानांच्या सुरनळ्या एकामागे एक, प्रत्येकीत परागाचा गोळा आणि त्यावर एक अंडं. ती पान खातच नाही, पिल्लांच्या खोल्यांना आतून अस्तर लावते, त्यामुळे पानावर औषध मारून तिच्या पोटात जाणारच नाही. हिला ओळखायची खूण म्हणजे पराग पायावर न घेता पोटाखालच्या केसांत भरते, फुलावर पोट वर करून चालते आणि पोट पिवळंधमक दिसतं. गुलाबाची दहा-वीस पानं तिला द्या. त्या झाडाला काही फरक पडत नाही, फरक आपल्या डोळ्यांना पडतो.

औषधाचं आता नीट सांगते. एकदा गुलाबावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, फार झाला म्हणून मी कुंडीतल्या मातीत अंतर्प्रवाही औषध घातलं, मुळांतून शोषून झाडभर जाणारं. मावा गेला. पण पंधरा दिवसांनी त्याच रांगेतल्या फुलांखाली फरशीवर मधमाश्या पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. चूक माझी, डबीवर लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. अशी औषधं रसात जातात म्हणजे मधात आणि परागात पण जातात. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या अशाच तीन औषधांचा उघड्यावरचा वापर युरोपियन युनियनने २०१८ मध्ये बंद केला तो मधमाश्यांच्याच कारणाने. घरच्या बागेत तर त्याची गरजच नाही. मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. नाहीच आवरलं तर साबणाचं पाणी किंवा नीम तेल, तेही संध्याकाळी माश्या गेल्यावर आणि उमललेल्या फुलांवर चुकूनही नाही. नैसर्गिक आहे म्हणून माशीच्या अंगावर तेल उडालेलं चालतं असं काही नाही.

आणि मावा दिसला की लगेच धावायचं पण नाही. माव्याच्या गर्दीत मगरीच्या पिल्लासारखा काळा, नारिंगी ठिपक्यांचा किडा दिसला तर ते मावा खाणाऱ्या लेडीबर्डचं, म्हणजे त्या ठिपक्यांच्या छोट्या लाल किड्याचं, बाळ आहे, लोक याला भयंकर समजून आधी यालाच मारतात. दुसरं म्हणजे हिरवट, बिनपायाची, एका टोकाला निमुळती अळी, ती हॉवरफ्लायची. हॉवरफ्लाय म्हणजे ती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची छोटी माशी जी हवेत एका जागी स्थिर उभी राहते, गांधीलमाशीचा वेष घेतलेला पण नांगी नाही, पंख दोनच आणि डोळे डोक्याएवढे. तिची एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्याने मावा खाते. तिचं तोंड आखूड असतं त्यामुळे तिला उथळ फुलं लागतात, म्हणून कोथिंबीर आणि शेपूची दोन-तीन झाडं न कापता फुलायला सोडा. त्या पांढऱ्या-पिवळ्या छत्र्यांवर एका सकाळी इतके वेगवेगळे किडे बसतात की मोजताना गडबड होते. मोठा फवारा मारला की ही सगळी फौज आधी मरते, मावा परत येतो, आणि उन्हाळ्यात तर लाल कोळी, ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड, हमखास वाढतो, कारण त्याला कोरडी गरम हवा लागते आणि त्याला खाणारे तुम्हीच मारलेले असतात.

लावायचं काय? तुळस लावा आणि तिला फुलू द्या, सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, उन्हाळ्यात तुळशीइतकी गर्दी माझ्याकडे दुसऱ्या कशावर नसते. एकेरी झिनिया, एकेरी कॉसमॉस, सूर्यफूल. सूर्यफुलात रोज बघा, मधल्या गादीतली बारीक फुलं बाहेरच्या कडेपासून आत अशी रोज एक-दोन कडी उमलत जातात, म्हणजे एकाच फुलात आठवडाभर ताजी पंगत. फक्त गुलदस्त्यासाठी काढलेल्या बिनपरागाच्या जाती घेऊ नका. ऑफिस टाइम नावाचं फुलझाड लावा, त्याचं फूल ऊन लागलं की उघडतं आणि दुपारनंतर मिटतं, त्याच्या मधल्या केसरांना काडीने हळूच शिवलं की ते हलतात, मुलांना दाखवा. सदाफुलीची नळी फार अरुंद असते, तिथे लांब सोंडेचंच काम, फुलपाखरं येतात. आणि संध्याकाळसाठी गुलबक्षी, ती चारनंतर उमलते आणि अंधारात तिच्यावर मोठे पतंग हवेत तरंगत सोंड घालताना दिसतात.

एकेक झाड विखरून ठेवू नका. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते, तीन-चार कुंड्या एकाच फुलाच्या शेजारी शेजारी असल्या तर तिला यायला परवडतं.

फुलपाखरं हवीत तर नुसती फुलं पुरत नाहीत, अळीला पान लागतं. लिंबू किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसेल, पुसू नका, तीच अळी. मोठी झाली की हिरवी होते, तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. पानं खाणार, भरपूर खाणार, लहान झाड असेल तर अर्ध्या अळ्या मोठ्या झाडावर हलवा.

पाणी ठेवा. उन्हात मधमाश्या पोळं गार ठेवायला पाणी वाहून नेतात. पसरट ताटली, आत खडे, पाणी खड्यांच्या खाली, नाहीतर बुडतात. दोन-तीन दिवसांनी बदला म्हणजे डास होणार नाहीत. आणि एक कुंडी नुसती मातीची, काहीही न लावता ठेवा, एकट्या राहणाऱ्या बऱ्याच माश्या जमिनीत बीळ करतात. रिकामी कुंडी बघून माझ्या घरचे दरवर्षी विचारतात यात काय लावलंय.

एक राहिलं. संध्याकाळी बसाल तेव्हा तुळशीच्या किंवा गवताच्या सुक्या काडीवर बारीक निळ्या पट्ट्यांच्या माश्या दिसतात का बघा. या नर माश्या असतात, यांना घर नसतं, रात्र झाली की जबड्याने काडी घट्ट धरतात, पाय सोडून देतात आणि तशाच लोंबकळत झोपतात, एकाच काडीवर कधी चार, कधी दहा, आणि रोज त्याच काडीवर परत येतात. मेलेल्या वाटतात, मेलेल्या नसतात. तुळशीची छाटणी करायची असेल तर ती काडी सोडून करा.